इंजिन चालते, पंप मरतो

विमानाचे इंधन डिझेल इंजिनात चालते का? चालते. हे आधीच सांगून टाकलेले बरे. कारण या विषयात जाणकार म्हणवणारे लोक "छे, इंजिन लगेच बसतं" असे ठोकून देतात आणि ज्याने कुठून तरी कॅनभर मिळवून टाकलेले असते, तो मनातल्या मनात हसतो. त्याचा ट्रॅक्टर सकाळी सुरू झालेला असतो, दिवसभर रोटाव्हेटर फिरलेला असतो, धूर तर उलट कमीच. एकदा आपण खोटे ठरलो की पुढचे खरे कितीही सांगा, तो ऐकत नाही.

माझे दुकान औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मुकुंदवाडीत, जालना रोडपासून थोडे आत. काम पंप-नोझलचे. डिझेल इंजिनाचा फ्युएल पंप खोलायचा, प्लंजर-बॅरल बघायचे, नोझल टेस्टरवर लावून फवारा तपासायचा, पंप बेंचवर चढवून कॅलिब्रेशन करायचे. वडीलही हेच करत. तेव्हा गिऱ्हाईक विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनांचे असायचे, आता कॉमन रेलचे इंजेक्टर येतात. चिकलठाण्याचे विमानतळ इतके जवळ की विमान उतरताना बोलणे थांबवावे लागते. त्यामुळे की काय, हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. "उस्ताद, इमानाचं रॉकेल ट्रॅक्टरला चालतंय का?" विचारणारा कधी करमाडचा असतो, कधी फुलंब्रीचा, कधी वाळूजच्या कंपनीत जनरेटर सांभाळणारा. तेल कुठून मिळणार आहे, हे मी विचारत नाही. तो का विचारतो आहे, हे मात्र मला ठाऊक असते. दर दोन-चार वर्षांनी एक बातमी येते, की विमानाचे इंधन डिझेलपेक्षा स्वस्त झाले.

बातमी खोटी नसते. फेब्रुवारी २०१५च्या पहिल्या तारखेला दिल्लीत एटीएफ, म्हणजे एव्हिएशन टर्बाइन फ्युएल, लिटरला साडेसेहेचाळीस रुपयांवर आले. त्या दिवशी डिझेल ४८ रुपये २६ पैसे होते. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, विमाने जमिनीवर उभी असताना एटीएफ लिटरला २१ रुपये ४५ पैसे झाले आणि त्याच आठवड्यात दिल्लीतले डिझेल ६९ रुपये ३९ पैशांवर गेले. तिपटीहून जास्त. ऑक्टोबर २०२१ मध्ये एटीएफ ७९ रुपये, डिझेल साडेचौऱ्याण्णव. मग जून २०२२ मध्ये पारडे पार फिरले. एटीएफ १४१ रुपये आणि डिझेल ८९ रुपये ६२ पैसे. त्या महिन्यात माझ्याकडे कोणी काही विचारायला आले नाही.

ही उलथापालथ इंधनाच्या गुणाने होत नाही. खनिज तेल तापवून वेगळे करताना रॉकेलाच्या जातीचा भाग आणि डिझेलचा भाग शेजारी-शेजारी निघतात, काही भाग तर दोन्हीकडे जाऊ शकतो. उत्पादन खर्चात जमीन-अस्मानाचा फरक नाही. फरक आहे तो कर लावण्याच्या पद्धतीत. डिझेलवर केंद्र सरकार लिटरमागे ठरावीक रुपये घेते. एटीएफवर टक्क्यांनी घेते, २०१८पासून ११ टक्के. खनिज तेल स्वस्त झाले की एटीएफचा कर आपोआप उतरतो, डिझेलचा जागचा हलत नाही. उलट २०२०च्या मे महिन्यात तेल जगभर मातीमोल झाले असताना केंद्राने डिझेलवर एका रात्रीत लिटरमागे १३ रुपये वाढवले आणि केंद्राचा एकूण कर ३१ रुपये ८३ पैशांवर नेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यातले १० आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये कमी केले. पण त्याआधीच्या दीड वर्षात ट्रकवाल्याने आणि शेतकऱ्याने काय भरले, ते तो विसरलेला नाही.

राज्याचा भाग तर आमच्या गावात डोळ्यांना दिसतो. महाराष्ट्रात एटीएफवर मुंबई, पुणे आणि रायगडला २५ टक्के व्हॅट होता, तो २०२३च्या अर्थसंकल्पात १८ टक्के केला. बाकीच्या विमानतळांना फक्त ५ टक्के. डिझेलवर राज्यभर २१ टक्के आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईला २४ टक्के अशी विभागणी होती. या वरच्या दराच्या यादीत मुंबईच्या पंक्तीला आणखी दोन गावे अनेक वर्षे बसवलेली होती, अमरावती आणि आमचे औरंगाबाद. मुंबईची लोकल नाही, मुंबईचे पगार नाहीत, कर मात्र मुंबईचा. आज २१ टक्केच धरा. चिकलठाण्याच्या भिंतीआड विमानात जाणाऱ्या तेलाला ५ टक्के आणि भिंतीबाहेर जालना रोडवर मोसंबीच्या गाडीत जाणाऱ्या डिझेलला २१. त्यातच २०१५च्या ऑक्टोबरात दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये अधिभार बसला. दुष्काळ मराठवाड्यात आणि अधिभार भरणाऱ्यांतही मराठवाडा. डेपोपासून लांब पडल्यामुळे महाग पेट्रोलच्या बातमीत परभणीचे नाव पहिले येते, ही आमच्या विभागाची आणखी एक कीर्ती.

छोट्या शहरांना विमाने यावीत म्हणून एटीएफवर सवलत द्यावी, याला माझा विरोध नाही. विमान आले तर वेरूळ-अजिंठ्याचा पर्यटक येतो, त्याच्या टॅक्सीचा पंप कधी ना कधी माझ्याकडेच येतो. पण एकाच जातीच्या दोन तेलांच्या दरांत कराने अशी दरी पाडली, की त्या दरीत कोणीतरी कॅन घेऊन उतरणार, एवढे समजायला अर्थमंत्री व्हावे लागत नाही. हे आपण एकदा पाहिले आहे, आणि फार लांब नाही.

मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. मुंबईहून पाइपलाइनने तेल तिथे येते आणि टँकरने मराठवाडा-खानदेशात पसरते. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या रस्त्याने जात होते. एका ढाब्याजवळ टँकरमधून तेल काढण्याचा धंदा चाललेला त्यांना दिसला, म्हणून ते उतरले. त्यांना भरदिवसा जाळून मारले. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी. सरकारी कर्मचारी संपावर गेले, राज्यभर धाडी पडल्या, पुढे तपास सीबीआयकडे गेला. भेसळीचे पहिले साधन तेव्हा रेशनचे निळे रॉकेल होते. ते स्वस्त, डिझेल महाग, आणि दोन्ही एकमेकांत न कळता मिसळतात. काळ्या-पिवळ्या जीपगाड्या त्या मिश्रणावर पैठण-गंगापूरच्या फेऱ्या मारायच्या आणि वर्ष-दीड वर्षात त्यांचे पंप माझ्या टेबलावर यायचे.

आज रॉकेलाची भेसळ जवळपास थांबली आहे. कशाने थांबली? धाडींनी नाही. जुलै २०१६पासून सरकारने रेशनच्या रॉकेलाचा दर पंचवीस-पंचवीस पैशांनी गुपचूप वाढवत नेला आणि मार्च २०२०पर्यंत अनुदान संपवले. दरम्यान घरोघर गॅस आला. दोन दरांमधली दरी बुजली, तसा धंद्यातला नफा गेला. ज्या कामासाठी एका प्रामाणिक अधिकाऱ्याचा जीव गेला, ते काम शेवटी दरपत्रकाने केले. मला याचा राग येतो, पण तो धडा खरा आहे.

दुसरा धडा २०२२च्या मार्चमधला. घाऊक डिझेल, जे एसटी आणि कारखाने टँकरने घेतात, ते एकदम लिटरला पंचवीस रुपयांनी चढले. मुंबईत घाऊक १२२ रुपये पाच पैसे आणि पंपावर तेच डिझेल ९४ रुपये १४ पैसे. मग स्वतःचे डेपो, स्वतःच्या टाक्या असलेल्या एसटीला रस्त्यावरच्या पंपांकडे वळावे लागले. चिकलठाण्यात एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तिथल्या लोकांना विचारा, लिटरमागचे चार आणे त्यांच्या हिशेबात काय असतात. सरकारी महामंडळ दोन दरांतली दरी बघून वाट वाकडी करते, तर शेतकऱ्याला नावे कशाला ठेवायची?

आता माझ्या टेबलावर या.

पंपाच्या आत एक प्लंजर असतो, तो एका बॅरलमध्ये वर-खाली होतो. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. इतक्या बारीक फटीत कुठलेही रबर, कुठलेही पॅकिंग नसते. धातूवर धातू, आणि मध्ये फक्त डिझेलचा थर. तोच थर दाब धरतो आणि तोच वंगणही. म्हणून डिझेल हे नुसते जळण नाही, ते पंपाचे तेलही आहे. पेट्रोल इंजिनवाल्यांना हे पटकन पटत नाही.

एटीएफ डिझेलपेक्षा पातळ असते. चाळीस अंशाला डिझेलचा दाटपणा दोन ते साडेचार सेंटिस्टोक असावा असे मानक आहे, एटीएफ त्याच तापमानाला एक-सव्वाच्या आसपास भरते. शिवाय त्यात स्निग्धपणा कमी. बीएस-सहा डिझेलमधून गंधक काढताना त्याचाही स्निग्धपणा जातो, पण रिफायनरी वंगणशक्ती वाढवणारे रसायन मिसळून तो भरून काढते आणि मग तपासते. इंधनात बुडवून एक पोलादी गोळी पोलादी तबकडीवर घासतात आणि गोळीवर पडलेला घट्टा मोजतात. तो ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा निघाला तर डिझेल नापास. एटीएफला ही परीक्षाच नाही, कारण ते या पंपांसाठी बनवलेले नाही. विमानाच्या इंधनाची शुद्धता मोठी असते, उणे ४७ अंशापर्यंत ते गोठत नाही, पाण्याचा थेंब असला तरी ते परत जाते. म्हणून लोकांना वाटते की हे डिझेलपेक्षा 'भारी'. भारी आहे, पण दुसऱ्या कामासाठी.

पेट घेण्याचेही तसेच. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटावे लागते. ते किती चटकन पेटते त्याचा आकडा म्हणजे सीटेन. आपल्या डिझेलला तो किमान ५१ हवा. एटीएफच्या मानकात सीटेनची अटच नाही, कारण विमानाच्या टर्बाइनमधली ज्योत एकदा पेटली की पेटलेलीच राहते. बहुतेक एटीएफ चाळिशीत असते, त्यामुळे इंजिन सुरू होते, फक्त थोडे जास्त ठोकते. आणि हलके असल्यामुळे लिटरमागे उष्णता तीन-चार टक्के कमी. म्हणजे दरात तीन रुपये वाचले तर तेवढेच ॲव्हरेजमध्ये गेले. हा हिशेब मी सांगतो तेव्हा गिऱ्हाईक पहिल्यांदा गंभीर होते. पंप मरणे त्याला लांबचे वाटते, ॲव्हरेज आजचे असते.

सगळे पंप एकसारखे मरत नाहीत, हेही सांगायला हवे. जुन्या इनलाइन पंपात खालचा कॅमशाफ्ट इंजिन ऑइलमध्ये असतो, इंधनावर अवलंबून फक्त वरचे प्लंजर. विहिरीवरच्या एकसिलिंडरी इंजिनाचा पंप तर त्याहून सोशिक. मराठवाड्यात अशा इंजिनांनी रॉकेल, करडईचे तेल, काय काय पचवले आहे. रोटरी पंप मात्र सगळाच्या सगळा इंधनात बुडालेला, त्याला दुसरे वंगण नाही. मे महिन्यात पारा बेचाळिशीला गेला की पातळ इंधन आणखी पातळ होते. फटीतून गळते, दाब बनत नाही. लक्षण ठरलेले: सकाळी गाडी एका सेल्फला सुरू, दुपारी ढाब्यावर चहाला थांबून परत निघताना सुरू होत नाही. गाडीवाला बॅटरी बदलतो, मग स्टार्टर खोलतो आणि शेवटी माझ्याकडे येतो. कॉमन रेलचे तर बोलायलाच नको. तिथे सोळाशे ते दोन हजार बारचा दाब असतो. पंपाची कणी निघाली तर ती रेलमधून चारही इंजेक्टरांत जाते. त्या दुरुस्तीच्या बिलात लहान शेतकऱ्याचे एक पीक जाते. मी ते बिल लिहिणारा माणूस आहे, म्हणून सांगतो.

"मग थोडं टू-टी ऑइल टाकायचं." हा उपाय प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतो, आणि तो अगदीच अडाणी नाही. तत्त्व बरोबर आहे, वंगण कमी तर वंगण घाला. पण किती घालायचे, त्या ऑइलची राख किती, ते या पंपाला चालते का, हे कोणी तपासलेले नसते. जुन्या ट्रॅक्टरवर ते खपून जाते. बीएस-सहा गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो राखेने चोंदतो. आणि त्याच गाडीला आणखी एक भीती आहे, गंधकाची. बीएस-सहा डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत १० भागांपेक्षा जास्त नको. एटीएफचे मानक दहा लाखांत ३००० भागांपर्यंत परवानगी देते. प्रत्यक्षात ते पुष्कळ कमी असते, पण कॅनमध्ये आलेल्या तेलात किती आहे हे सांगणार कोण?

साठवणीचे दोन शब्द. एटीएफची वाफ ३८ अंशाच्या पुढे पेट घेण्याजोगी होऊ शकते. कागदावर आपल्या डिझेलची मर्यादाही ३५ अंशच आहे, पण पंपावर मिळणारे डिझेल सहसा त्याच्या बरेच वर असते. पत्र्याच्या शेडमध्ये, कडब्याशेजारी, प्लास्टिकच्या कॅनमध्ये हे तेल ठेवणाऱ्याला पंपापेक्षा गोठ्याची काळजी वाटायला हवी.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग विषय संपला, हे तेल डिझेल इंजिनासाठी नाहीच. तसे मला म्हणायचे नाही.

हे इंधन डिझेल इंजिनात चालवणारे लोक जगात आहेत, आणि ते उघडपणे, विचारपूर्वक चालवतात. नाटोच्या सैन्यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'रणांगणावर एकच इंधन' हे धोरण घेतले. विमान, ट्रक, जनरेटर, सगळ्यांना रॉकेलाच्या जातीचेच तेल. पण ते नुसते एटीएफ नव्हे. त्यात गंज रोखणारे आणि वंगणशक्ती वाढवणारे रसायन मोजून घातलेले असते. आणि १९९०-९१च्या आखाती युद्धात वाळवंटाच्या उन्हात अमेरिकी गाड्यांच्या रोटरी पंपांनी त्रास दिला. त्यांच्या वाळवंटात जे झाले ते आमच्या जालना रोडवर मे महिन्यात होणार नाही, असे मानायला कारण नाही. अंटार्क्टिकात २०१२ साली सुरू झालेल्या आपल्या भारती केंद्रात वीज आणि ऊब देणारी जनित्रे अशाच रॉकेलजातीच्या इंधनावर चालतात, कारण तिथे साधे डिझेल गोठून मेण होईल. त्या केंद्राचा कारभार गोव्याहून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो.

आणि घराजवळचे उदाहरण अमरावतीचे. बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारायला घेतली. तिच्यासाठी २०२४च्या अखेरीस ३४ विमानांची मागणी नोंदवली, अमेरिकेच्या पायपर कंपनीची एक इंजिनाची ३१ आणि ऑस्ट्रियाच्या डायमंडची दोन इंजिनांची ३. सगळी जेट ए-१ वर, म्हणजे एटीएफवर चालणारी. पण यांच्यात टर्बाइन नाही. यांच्यात पिस्टनचे डिझेल इंजिन आहे, आणि त्याचे मूळ मर्सिडीजच्या मोटारीत आहे. जर्मनीच्या थिएलर्ट कंपनीने २००२च्या सुमारास मर्सिडीजच्या छोट्या ए-क्लास गाडीचे इंजिन घेऊन त्याला आकाशात न्यायचे प्रमाणपत्र मिळवले. कंपनीचे पुढे दिवाळे वाजले, इंजिन मात्र दुसऱ्या नावाने टिकले. म्हणजे विदर्भातली मुले ज्या इंजिनावर उडायला शिकणार, ते तत्त्वाने माझ्या टेबलावर येणाऱ्या इंजिनाचे भावंड आहे आणि रोज एटीएफ पिणार आहे. फरक एवढाच की त्याचा पंप त्या इंधनासाठी पारखलेला आहे, त्याचे तास मोजले जातात, ठरलेल्या तासांनी तो तपासला किंवा बदलला जातो. आपण ट्रॅक्टरच्या पंपाचे तास मोजतो का? पंप फिरायचा थांबला की आपल्याला त्याची आठवण होते.

तिसरा मार्ग लडाखचा. तिथे हिवाळ्यात डिझेल गोठायचे, म्हणून ड्रायव्हर मंडळी टाकीत रॉकेल ओतायची. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशापर्यंत वाहणारे हिवाळी डिझेल तिथे आणले, पानिपतच्या रिफायनरीतून. ड्रायव्हर टाकीत अंदाजाने जे करत होता, त्याची गरज मान्य करून ती रिफायनरीने नीट, तपासून भागवली. अमेरिकेच्या थंड भागात मिळणारे 'नंबर एक' डिझेलही जवळपास रॉकेलच, पण डिझेलच्या परीक्षा पास झालेले.

माझे म्हणणे एवढेच आहे. मिसळायचे असेल तर रिफायनरीत मिसळा, शेतकऱ्याच्या शेडमध्ये नको. विमाने कमी उडत असतील आणि एटीएफ पडून राहत असेल, तर त्यातला डिझेलात बसणारा भाग सीटेन, स्निग्धपणा, गंधक तपासून डिझेलात घ्या. रिफायनऱ्या हे करू शकतात, गरज पडली की करतातही. टाळेबंदीत विमाने थांबली तेव्हा तो भाग डिझेलकडे वळवलाच गेला. त्यातून पडलेला दर मात्र पंपापर्यंत आला नाही. मधल्या मध्ये तो कराने गिळला.

म्हणून पहिली मागणी अर्थखात्याकडे. डिझेलवरचा केंद्राचा कर रुपयांत न ठेवता टक्क्यांत आणा, जसा एटीएफचा आहे. वाढेल तेव्हा वाढेल, पण उतरेल तेव्हा उतरेलही. महसूल डळमळतो, हे उत्तर मला माहीत आहे. शेतकऱ्याचाही डळमळतो. आणि राज्याने मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाला डिझेलसाठी मुंबईच्या रांगेत पुन्हा कधी बसवू नये.

दुसरी मागणी पंपावरच्या तपासणीची. आज ग्राहकाला पंपावर घनता मोजून मागता येते, तो त्याचा हक्क आहे. हायड्रोमीटर बुडवतात, आकडा पंधरा अंशाला बदलून घेतात आणि सकाळच्या नोंदीशी ताडतात. घनमीटरला तीन किलोपर्यंतचा फरक चालतो. आता हिशेब करा. डिझेल ८३० आणि रॉकेल किंवा एटीएफ ८०० धरा. शंभर लिटरात दहा लिटर मिसळले तर मिश्रण ८२७. फरक बरोबर तीन. म्हणजे दहा टक्के भेसळ या परीक्षेत सहीसलामत पास होते. घनतेची चाचणी ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका. रॉकेलात एकेकाळी ओळखीचे रसायन टाकायचा प्रयोग झाला होता, तो अर्ध्यात सोडला. एटीएफसाठी आणि औद्योगिक सॉल्व्हंटसाठी तो पुन्हा करायला काय हरकत आहे? बायोडिझेलच्या नावाने भलतेच तेल विकणाऱ्यांवर गुजरात-महाराष्ट्रात कारवाया झाल्या. दरी दिसली की माणूस नवीन तेल शोधतो, हे त्यातूनही कळले.

तिसरी मागणी पुण्याला, वेताळ टेकडीवरच्या एआरएआयला. वाहनसंशोधनाची ही संस्था १९६६पासून आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टर-टेम्पोच्या पंपांवर एटीएफचे आणि रॉकेलाच्या मिश्रणाचे काय होते, याची चाचणी करून निकाल मराठीत, सोप्या भाषेत छापा. 'वापरू नका' एवढे पुरत नाही. किती टक्क्याला, किती तासांत, कोणत्या पंपाचे काय झाले, ते फोटोसकट दाखवा. आमच्या गावाला हे समजते. इथे वाळूजला बजाजच्या तीनचाकी बनतात, शेंद्र्याला मोटारी जोडल्या गेल्या, पंपाचे नोझल बनवणारा कारखाना नाशकात सातपूरला आहे. या पट्ट्यातल्या माणसाला मायक्रॉन म्हणजे काय, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षी कळते. त्याला भीती घालायची गरज नाही, आकडे द्या.

ज्यांनी आधीच टाकले आहे त्यांच्यासाठी: जुने इनलाइन पंपाचे इंजिन असेल तर टाकी चांगल्या डिझेलने भरून घ्या, फिल्टर बदला, पुढे नका टाकू. रोटरी पंप असेल तर आधी टाकी रिकामी करा, आणि गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देऊ लागले तर बॅटरीच्या दुकानात न जाता पंपवाल्याकडे जा. कॉमन रेल असेल तर किल्लीच फिरवू नका. गाडी ओढून न्या, टाकी आणि लाइन धुऊन घ्या, फिल्टर कापून त्यात चमकणारी कणी दिसते का बघा. दिसली, तर इंजेक्टर खोलल्याशिवाय गाडी सुरू करू नका, मग मेकॅनिक काहीही म्हणो.